ताप आला तर सकाळची वाट पाहू नका

(इंदूर येथे मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या दिवसांत कॅन्सरवर कशाला बोलायचे, असे काहींच्या मनात आले असेल. पण विघ्नहर्त्याच्या मांडवात विघ्नाविषयी बोलायचे नाही, तर कुठे बोलायचे? या सभागृहात असे घर क्वचितच असेल, ज्याच्या नात्यागोत्यात हा आजार आलेला नाही. आपण त्याचे नाव घेत नाही, "तो आजार" म्हणतो, एवढेच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही डॉक्टर नाही. फार्मसीची पदविका घेतली आणि शासकीय रुग्णालयाच्या औषधांच्या खिडकीमागे उभे राहिलो, त्याला आता वीसेक वर्षे होतील. त्या खिडकीतून रोगी कमी आणि त्याचे नातेवाईक जास्त दिसतात. हातात चिठ्ठी, डोळ्यांत झोप नाही. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट आम्हा सगळ्यांच्या लक्षात आली आहे. कॅन्सरचा उपचार काय चालला आहे हे घरच्यांना बरेचसे ठाऊक असते, पण रात्री दोन वाजता काय झाले तर धावायचे आणि काय झाले तर सकाळपर्यंत थांबायचे, हे ठाऊक नसते. आजचे बोलणे तेवढ्यापुरतेच आहे.

आपल्या इंदूरकरांची अडचण थोडी वेगळीही आहे. १९४१ साली परळला टाटा हॉस्पिटल सुरू झाले, तेव्हापासून माळव्यातला मराठी माणूस या आजारासाठी मुंबईची वाट धरत आला आहे. आता इथेही उपचार होतात, तरी पुष्कळ घरे अजून मुंबईला जातात. रात्रीच्या अवंतिकेने निघायचे, सकाळी मुंबईला उतरायचे, केमो घ्यायची, दोन दिवस नातेवाइकांकडे राहायचे आणि परत यायचे. म्हणजे उपचार करणारे डॉक्टर मुंबईला आणि उपचाराचा त्रास मात्र इथे, सुदामानगरात किंवा लोकमान्यनगरात, आपल्या घरी. केमोच्या दिवशी सहसा काही होत नाही. जे व्हायचे ते आठवड्याने, दहा दिवसांनी होते. त्या वेळी निर्णय घरच्यांनाच घ्यावा लागतो.

आता पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, ताप.

केमोची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, पण अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या रक्तपेशीही तशाच असतात. म्हणून केमोनंतर पांढऱ्या पेशी घटतात. त्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये त्या साधारण १५०० च्या वर असाव्या लागतात. केमोनंतर बहुधा सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान त्या तळाला जातात. ५०० च्या खाली गेल्या की शहराला पहारा उरत नाही. मग आपल्याच आतड्यातले, तोंडातले, कातडीवरचे जंतू रक्तात शिरतात. शिपाईच नसल्यामुळे पू होत नाही, सूज येत नाही, कफ होत नाही. फक्त ताप येतो. कधीकधी तोही येत नाही, नुसती थंडी वाजते, अंग गळून जाते, माणूस असंबद्ध बोलू लागतो.

म्हणून आकडा पाठ करा. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस. केमो चालू असलेल्या माणसाचा ताप इतका किंवा याहून जास्त भरला, तर तो साधा ताप नाही. लगेच डॉक्टरांना फोन करायचा आणि रुग्णालयात जायचे, मग घड्याळात कितीही वाजले असोत. रुग्णालयात रक्ताचे नमुने घेऊन शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतात आणि ते पोहोचल्यापासून तासाभरात सुरू व्हावे, असे जगभरचे तज्ज्ञ सांगतात. इथे तासांचा हिशेब आहे, दिवसांचा नाही.

आमच्या ओळखीतल्या एका घरची गोष्ट सांगतो. काकूंची तिसरी केमो होऊन दहा दिवस झाले होते. घरात महालक्ष्म्या बसलेल्या. जेवणाचा दिवस, सोळा भाज्या, पुरणपोळी, घर पाहुण्यांनी भरलेले. दुपारी काकूंना थंडी वाजली. त्यांनी कोणाला सांगितले नाही. डब्यातली तापाची गोळी घेतली आणि सवाष्णींच्या ओट्या भरायला बसल्या. संध्याकाळी परत थंडी वाजली, परत गोळी. रात्री सुनेने अंगाला हात लावला तर अंग तापलेले. "उद्या विसर्जन झाले की मुंबईला फोन करू," असे ठरले. पहाटे त्या सुनेला ओळखेनात. रक्तदाब लागत नव्हता. चौथ्या दिवशी त्या गेल्या. त्याआधीच्या तपासणीत गाठ निम्म्याहून लहान झाली होती. म्हणजे उपचार लागू पडत होता आणि काकू गेल्या जंतुसंसर्गाने. यात दोष कोणाचाच नाही. देवाच्या कामात आपले दुखणे आड येऊ नये, हे त्यांच्यावरचे संस्कारच होते. पण महालक्ष्मीला असली सवाष्ण गमावून चालणार आहे का? ताप लपवणे हे व्रत नाही, हे आपल्या घरातल्या बायकांना कोणीतरी सांगितले पाहिजे. आम्ही आज सांगत आहोत.

आता औषधवाले म्हणून चार गोष्टी. ताप मोजल्याशिवाय पॅरासिटामॉल देऊ नका. गोळीने आकडा खाली येतो आणि जंतू तिथेच राहतात. दोन, डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइड चालू असली तर ताप दबून राहतो, तेव्हा थर्मामीटर नॉर्मल दाखवत असला तरी थंडी वाजणे आणि गळून जाणे यांना तापच समजा. तीच स्टेरॉइड आपल्या मनाने एकदम बंदही करू नका, त्यानेही रक्तदाब घसरून जिवावर बेतू शकते. तीन, काखेत थर्मामीटर लावला तर आकडा थोडा कमी दिसतो हे ध्यानात ठेवा, गुदद्वारातून ताप मोजणे, एनिमा देणे हे या काळात पूर्ण वर्ज्य. चार, पांढऱ्या पेशी वाढवण्याचे इंजेक्शन मुंबईहून देतात, ते २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. म्हणजे फ्रिजच्या मधल्या खणात. पुष्कळजण जास्त थंड म्हणजे जास्त चांगले असे समजून ते वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवतात. गोठलेले इंजेक्शन निकामी होऊ शकते, ते टोचू नका, आधी विचारा. गाडीतून आणताना बाटली बर्फाला थेट चिकटू देऊ नका, मध्ये कापड ठेवा.

दुसरी गोष्ट पाठीची.

पाठ कोणाची दुखत नाही? म्हणूनच ही खूण निसटते. स्तनाचा, प्रोस्टेटचा, फुप्फुसाचा कॅन्सर आणि मायलोमा यांत रोग मणक्यात उतरू शकतो. तो वाढला की मधल्या मज्जारज्जूवर दाब येतो. हे दुखणे नेहमीच्या कंबरदुखीसारखे नसते. आडवे झाल्यावर वाढते, रात्री झोपेतून उठवते, शिंकताना-खोकताना कळ मारते, पट्टा आवळल्यासारखे छातीभोवती फिरते. मग पाय जड होतात, जिना चढताना गुडघे दुमडतात, मुंग्या येतात. शेवटी लघवी अडते किंवा नकळत होते. या पायऱ्या काही वेळा दोन-चार दिवसांतच उतरल्या जातात.

यात सोन्यासारखी वेळ कोणती? माणूस चालतो आहे तोवरची. उपचार सुरू होताना जो स्वतःच्या पायांवर उभा असतो, तो बहुधा पुढेही चालतो. पाय पूर्ण गेल्यावर ते परत येणे फार अवघड. म्हणून पूर्वी कॅन्सर झालेल्या माणसाची पाठ नव्याने दुखू लागली तर मालिशवाल्याला बोलावू नका, मणके "बसवून" घेऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि "हा कॅन्सरचा पेशंट आहे, पायात अशक्तपणा आहे" हे वाक्य स्पष्ट उच्चारा. त्या वाक्याने एमआरआयची तारीख पुढच्या आठवड्यातून आजवर येते. कॅन्सर दहा वर्षांपूर्वी बरा झाला असला तरी हे सांगायचेच.

तिसरी गोष्ट श्वासाची.

सकाळी उठल्यावर चेहरा आणि मान सुजलेली, सदऱ्याचे वरचे बटण लागत नाही, वाकले की डोके गच्च होते, छातीवर निळ्या शिरा फुगलेल्या. ही सूज मिठाने आलेली नसते. छातीतल्या गाठीने वरून हृदयाकडे येणारी मोठी शीर दाबली जात असते. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये आणि लिम्फोमात असे होते. अशा माणसाला आडवे निजवू नका, उशांना टेकवून बसवा आणि घेऊन या. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर एकाएकी धाप लागते, छातीत दुखते. सुजलेला पाय चोळू नका.

गळ्याच्या कॅन्सरमध्ये श्वास घेताना घर्र किंवा शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर क्षणभरही थांबू नका, १०८ लावा. गळ्याला नळी बसवलेली असेल तर आतली नळी काढून धुणे घरातल्या दोघांना तरी आले पाहिजे. एकालाच येत असेल, तर नेमका तोच दूध आणायला गेलेला असतो.

चौथी गोष्ट रक्तस्रावाची. आपल्या भागात तोंडाचे कॅन्सर पुष्कळ, कारण आपल्याला माहीत आहे. मध्य प्रदेशाने २०१२ सालीच गुटख्यावर बंदी घातली, तरी पुड्या सुटलेल्या नाहीत. तोंडाच्या आणि मानेच्या जखमेतून एक दिवस थोडे ताजे रक्त येते आणि आपोआप थांबते. घरचे सुटकेचा श्वास सोडतात. पण ती कधीकधी मोठ्या रक्तस्रावाची आगाऊ सूचना असते, म्हणून थांबले तरी त्याच दिवशी दाखवावे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी ठेवून हाताने सलग दाब द्या, दर मिनिटाला उचलून बघू नका. मान एका बाजूला वळवा, रक्त घशात उतरू देऊ नका.

केमोने प्लेटलेट्सही घटतात. त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. फार कमी झाल्या की हिरड्यांतून रक्त येते, कातडीवर लाल बारीक ठिपके उठतात, शौच काळे होते. अशा वेळी डोके किंवा अंग दुखले म्हणून डब्यातली अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक देऊ नका. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन आधीपासून चालू असेल तर ती ठेवायची की थांबवायची, हे डॉक्टरांनाच विचारा.

पाचवी गोष्ट अशी, की तिला कोणी तातडीची मानतच नाही. आजोबा चार दिवस फार पाणी पितात, लघवीला वारंवार जातात, पोट साफ होत नाही, मळमळते, दिवसभर झोपून असतात आणि आता काहीबाही बरळतात. घरचे म्हणतात, वय झाले, मनाने खचले. कॅन्सरच्या रोग्यात याचे कारण रक्तातले वाढलेले कॅल्शियम असू शकते. ते साधारण साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम असावे. एका साध्या रक्ततपासणीत कळते आणि सलाइन व औषधाने उतरते. उतरले की तोच माणूस दोन-तीन दिवसांत उठून बसतो, वर्तमानपत्र मागतो. तोवर हाडांसाठी म्हणून चाललेल्या कॅल्शियमच्या आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना लगेच सांगा.

रक्ताचा कॅन्सर किंवा मोठा लिम्फोमा असेल, तर पहिल्या उपचारानंतरच्या काही दिवसांत एक उलटाच प्रकार होतो. औषध इतके लागू पडते की असंख्य पेशी एकदम फुटतात. त्यांतले पोटॅशियम आणि यूरिक आम्ल रक्तात येऊन मूत्रपिंडे तुंबतात. लघवी कमी झाली, पेटके येऊ लागले, छाती धडधडू लागली, तर घरी थांबू नका. आणि यासाठी दिलेली साधी दिसणारी यूरिक आम्लाची गोळी "एवढ्या औषधांत ही कशाला" म्हणून गाळू नका.

फिट आली तर कुशीवर वळवा, कपडे सैल करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, तर १०८. जुलाब नेहमीपेक्षा दिवसाला चारेक वेळा जास्त होऊ लागले किंवा घोटभर पाणीही पोटात ठरेना, तर तेही सांगण्यासारखेच.

आता मॉर्फिनविषयी. या औषधाच्या नावाने घरे दचकतात. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना हे औषध ठेवणे सोपे झाले. वेदनेसाठी ठरवून दिलेले मॉर्फिन म्हणजे व्यसन नव्हे. दुखणे सोसणे हा पराक्रमही नव्हे. मात्र त्याने बद्धकोष्ठ होतेच, म्हणून सोबतचे रेचक रोज द्यायचे. रोगी हलवूनही जागा होईना, श्वास फार मंद झाला, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी दिसली, तर औषध जास्त झाले आहे असे समजून पुढचा डोस न देता लगेच मदत मागा. वेदनेची पट्टी कातडीवर लावलेली असेल, तर तिच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, उष्णतेने औषध जास्त वेगाने अंगात जाते. नवी लावताना जुनी काढली का, तेही पाहा.

तयारीचे बोलू. एक पिशवी दाराजवळ टांगून ठेवा. तिच्यात फाइल, चालू औषधांची यादी, ताजा रक्ताचा रिपोर्ट, आधार आणि आयुष्मान कार्ड. त्या योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्यांना उत्पन्नाची अट राहिलेली नाही. आपल्यातल्या अनेक पेन्शनरांनी अजून कार्ड काढलेले नाही, ते आजारपण येण्याआधी काढा. एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: कोणता कॅन्सर, कोणती केमो, शेवटची कोणत्या तारखेला, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा क्रमांक. कॅज्युअल्टीतला तरुण डॉक्टर रोग्याला पहिल्यांदाच पाहत असतो. "तीन महिन्यांपासून आजारी आहेत हो" याने त्याला काही कळत नाही. "स्तनाचा कॅन्सर, दहा दिवसांपूर्वी केमो, ताप १०१" हे ऐकताच तो उठून उभा राहतो.

मुंबईहून निघतानाच विचारून ठेवा की इंदूरला तातडीच्या वेळी कोणाकडे जायचे, आणि इथल्या एका डॉक्टरांची ओळख आधीच करून घ्या. ताप आलेल्या माणसाला रात्रीच्या गाडीत बसवून मुंबईला नेऊ नका. पहिले अँटिबायोटिक इथेच मिळू द्या, मग मुंबईशी बोला.

अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलांच्या झांक्या निघतात. सगळे शहर रस्त्यावर असते आणि राजवाड्याच्या बाजूचे रस्ते बंद असतात. घरात केमोचा रोगी असेल, तर त्या रात्री कोणत्या रस्त्याने कोणत्या रुग्णालयात जायचे हे दुपारीच ठरवा. आणि आरतीला, प्रसादाला लोक घरी येतात, त्यांना न संकोचता सांगा: सर्दी-खोकला असेल तर बाहेरूनच नमस्कार. हात धुऊनच आत. गणपती रागावणार नाही.

एक अवघड गोष्ट राहिली. प्रत्येक वेळी धावपळ करावी असे नाही. आजार शेवटच्या टप्प्यावर असेल आणि डॉक्टरांनी तसे सांगितले असेल, तर अतिदक्षता विभागात न्यायचे की घरीच वेदना कमी करत सोबत बसायचे, हे शांतपणी ठरवून ठेवा. रोग्याला विचारा. आपण त्यालाच विचारत नाही, बाकी सगळ्यांना विचारतो. अशा घरात गडद रंगाचे टॉवेल हाताशी असावेत, म्हणजे रक्त आले तरी रोगी भेदरत नाही. आणि कोणीतरी हात धरून बसावे. ते औषध आमच्या खिडकीत मिळत नाही.

शेवटी मंडळाला विनंती. आपले कार्यकर्ते मूर्ती आणायला रात्रभर जागतात, वर्गणीसाठी तीन-तीन मजले चढतात. त्यांच्यातून दहा जणांची एक यादी करू. रात्री गाडी काढू शकतील असे पाच, बोलावल्यावर प्लेटलेट्स द्यायला येतील असे पाच. यादी आणि फोन क्रमांक मंडळाच्या कार्यालयात राहतील. या कामासाठी आमचे नाव पहिले लिहून घ्या. ज्यांच्या घरी थर्मामीटर नाही, त्यांनी आज घरी जाताना तो विकत घ्यावा आणि फ्रिजच्या दारावर एकच आकडा लिहून चिकटवावा: १००.४.

 गणपती बाप्पा मोरया!